टँकरबंदीची पन्नास वर्षे : ब्रिटिश कोलंबियाच्या उत्तर किनाऱ्याची पार्श्वभूमी

२७ नोव्हेंबर २०२५ रोजी कॅनडाचे पंतप्रधान मार्क कार्नी आणि अल्बर्टा प्रांताच्या प्रीमियर (म्हणजे मुख्यमंत्री) डॅनिएल स्मिथ यांनी कॅल्गरी येथे एका सामंजस्य करारावर सह्या केल्या. अल्बर्टातील तेल आशियाच्या बाजारपेठेत नेण्यासाठी पॅसिफिक किनाऱ्यापर्यंत नवी पाइपलाइन टाकण्याचा विचार या कराराच्या केंद्रस्थानी आहे, आणि त्यासाठी गरज पडल्यास ब्रिटिश कोलंबिया या प्रांताच्या उत्तर किनाऱ्यावरील बंदरांत मोठ्या तेलवाहू जहाजांना बंदी घालणाऱ्या ‘ऑइल टँकर मोरॅटोरियम ॲक्ट’ या कायद्यात योग्य तो फेरबदल करण्याची तयारी केंद्र सरकारने त्यात दाखवली आहे. हा कायदा जून २०१९ मध्ये अमलात आला, म्हणजे करार झाला तेव्हा त्याला साडेसहा वर्षेही पूर्ण झाली नव्हती. ज्या बंदीकडे किनाऱ्यावरचे लोक कायमची म्हणून पाहत होते ती इतक्या लवकर वाटाघाटीचा विषय कशी झाली, हे समजण्यासाठी थेट १९६८ पर्यंत मागे जावे लागते; कारण कायदा नवा असला तरी त्यामागची मागणी पन्नास वर्षांहून जुनी आहे आणि या काळात ती कितीतरी वेळा मान्य होऊन पुन्हा सैल झालेली आहे.

आधी हा किनारा कोणता ते सांगायला हवे. व्हँकूव्हर बेटाच्या उत्तर टोकासमोरच्या मुख्य भूमीपासून अलास्काच्या हद्दीपर्यंतचा भाग आणि समोरचा हायडा ग्वाई हा द्वीपसमूह, एवढे क्षेत्र या कायद्याखाली येते. येथील डोंगर सरळ समुद्रात उतरतात आणि त्यांच्यामधून अरुंद, अतिशय खोल अशा फियॉर्ड आत घुसलेल्या असतात. आपल्याकडच्या खाडीसारखा गाळ, कांदळवने आणि उथळ पाणी त्यांत फारसे नसते. कड्याच्या पायथ्याशीच शेकडो मीटर खोली लागते. किटिमॅट गावाकडे जाणारी डग्लस चॅनेल ही अशीच एक लांबलचक वाट आहे. बाहेर हेकेट सामुद्रधुनी मात्र उथळ आहे, आणि हिवाळ्यातील वादळात उथळ पाण्यावरच्या लाटा किती उभ्या आणि आखूड होतात हे तेथे होडी घालणाऱ्याला सांगावे लागत नाही. किनाऱ्यालगत पसरलेल्या जंगलाला ग्रेट बेअर रेनफॉरेस्ट म्हणतात. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ६४ लाख हेक्टर आहे, म्हणजे आपल्या कोकण विभागाच्या दुपटीहून थोडे अधिक.

या जंगलाचे आणि समुद्राचे नाते नीट लक्षात घेतले नाही तर टँकरबंदीचा आग्रह अतिरेकी वाटण्याचा संभव आहे. शरद ऋतूत सामन मासे अंडी घालण्यासाठी समुद्रातून ओढ्यांमध्ये चढतात. अस्वले आणि लांडगे ते पकडून झाडीत नेतात, अर्धवट खाऊन टाकतात, आणि कुजलेल्या माशांतील नायट्रोजन देवदार व स्प्रूसच्या मुळांवाटे झाडांत जातो. समुद्रातून आलेला हा नायट्रोजन शास्त्रज्ञांना झाडांच्या वाढीच्या वलयांत ओळखता आला आहे. काळ्या अस्वलांच्या एका उपजातीत पांढरट केसांची अस्वले जन्मतात, ती याच किनाऱ्यावर. ‘स्पिरिट बेअर’ नावाने जगभर माहीत असलेले हे अस्वल सामनवरच पोसले जाते. थोडक्यात, येथे समुद्रात सांडलेले तेल समुद्रापुरते राहील अशी खात्री कोणालाही देता येत नाही.

माणसांचेही तसेच आहे. हायडा, हाइल्ट्सुक, गितगाट, हायस्ला, गितहाला, त्सिमशियन अशी अनेक मूळनिवासी राष्ट्रे या किनाऱ्यावर हजारो वर्षे राहत आली आहेत. त्यांच्यासाठी कॅनडात ‘फर्स्ट नेशन्स’ हा शब्द रूढ आहे आणि तो जसाच्या तसा वापरणे मला योग्य वाटते, कारण ‘राष्ट्र’ या शब्दावरच पुढचा सगळा वाद उभा आहे. हेरिंग मासा वसंत ऋतूच्या तोंडावर केल्प या लांब पट्ट्यांच्या समुद्री वनस्पतीवर अंडी घालतो. ती गाबोळी केल्पसकट काढून खाण्याची आणि दूरवर विकण्याची हाइल्ट्सुकांची परंपरा इतकी जुनी आहे की १९९६ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ग्लॅडस्टोन खटल्यात त्यांचा हा व्यापाराचा हक्क मान्य केला. ऊलिकन नावाच्या लहान माशाचे तेल काढून ते डोंगरापलीकडे पोहोचवणाऱ्या पायवाटा ‘ग्रीज ट्रेल’ म्हणून ओळखल्या जातात. ओहोटीला किनाऱ्यावरून शिंपल्या गोळा करणे हा तेथील घराघरातला नेम आहे. हे सर्व भरती-ओहोटीच्या पट्ट्यातले अन्न आहे, आणि तेलाचा तवंग नेमका याच पट्ट्यात येऊन बसतो.

आता इतिहासाकडे वळू. १९६८ मध्ये अलास्काच्या उत्तर टोकाला प्रूडो बे येथे प्रचंड तेलसाठा सापडल्याचे जाहीर झाले. ते तेल सुमारे १,३०० किलोमीटरच्या पाइपलाइनने दक्षिणेला व्हाल्डीझ बंदरात आणायचे आणि तेथून जहाजांनी वॉशिंग्टन राज्यातील चेरी पॉइंटच्या शुद्धीकरण कारखान्यात न्यायचे, अशी योजना ठरली. व्हाल्डीझ आणि चेरी पॉइंट ही दोन्ही ठिकाणे अमेरिकेत असली तरी त्यांच्या मधला किनारा कॅनडाचा होता. तेल अमेरिकेचे, नफा अमेरिकेचा आणि धोका मात्र ब्रिटिश कोलंबियाचा, हे गणित सर्वांत आधी मांडणाऱ्यांत व्हँकूव्हर बेटावरून निवडून आलेले तरुण लिबरल खासदार डेव्हिड अँडरसन होते. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये नौकानयनात रौप्यपदक मिळवलेल्या या गृहस्थांनी संसदेत आवाज उठवलाच, शिवाय अमेरिकेच्या न्यायालयात जाऊन अलास्का पाइपलाइनविरुद्ध दाद मागितली. परदेशी खासदाराने असे करणे त्या काळी फारच असाधारण होते. १९७२ मध्ये कॅनडाच्या हाउस ऑफ कॉमन्सने ठराव संमत करून व्हाल्डीझ ते चेरी पॉइंट ही तेलवाहतूक कॅनडाच्या हिताला, विशेषतः पर्यावरणाच्या दृष्टीने, बाधक असल्याचे जाहीर केले. त्याच सुमारास या किनाऱ्याजवळच्या समुद्रात तेलासाठी विहिरी खोदण्यावरही केंद्राने स्थगिती आणली.

याच वर्षांत याच समुद्रात आणखी एक गोष्ट घडत होती. केसाळ कातडीच्या व्यापारापायी ब्रिटिश कोलंबियातून समुद्री ऊदमांजर पूर्णपणे संपले होते. १९६९ ते १९७२ या काळात अलास्कातून ८९ ऊदमांजरे आणून व्हँकूव्हर बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर सोडण्यात आली. त्यांतली काही अलास्कातील अम्चिट्का बेटाजवळची होती, तर काही प्रिन्स विल्यम साउंडमधली. या प्राण्याला सीलसारखा चरबीचा थर नसतो; थंडगार पाण्यात त्याचा जीव वाचतो तो दाट केसांत अडकलेल्या हवेमुळे. केसांना तेल लागले की ती हवा निघून जाते आणि प्राणी गारठून मरतो. प्रिन्स विल्यम साउंडमध्ये मागे राहिलेल्या त्यांच्या जातभाईंवर वीस वर्षांच्या आत हीच वेळ आली.

कॅनडाच्या ठरावाने अमेरिकेचा बेत थांबला नाही. जुलै १९७३ मध्ये अलास्का पाइपलाइनचे खटले संपवणारी दुरुस्ती अमेरिकी सिनेटमध्ये ४९-४९ अशा बरोबरीत अडकली, तेव्हा उपराष्ट्राध्यक्ष स्पिरो ॲग्न्यू यांच्या निर्णायक मताने ती संमत झाली. त्यानंतरच्या तेलटंचाईने उरलासुरला विरोधही मावळला. १९७७ च्या उन्हाळ्यात व्हाल्डीझहून पहिले टँकर निघाले. दरम्यान कॅनडाच्या बाजूनेही एक प्रस्ताव पुढे आला होता: किटिमॅट येथे आयात तेलाचे बंदर बांधायचे आणि तेथून पाइपलाइनने तेल पूर्वेकडे न्यायचे. त्याची चौकशी करण्यासाठी अँड्र्यू थॉम्पसन यांच्या अध्यक्षतेखाली वेस्ट कोस्ट ऑइल पोर्ट्स इन्क्वायरी नेमली गेली. १९७८ मध्ये प्रस्ताव बारगळला आणि चौकशीही आटोपली. किटिमॅट हे नाव मात्र पुढे पुन्हा येणार होते. ॲल्युमिनियमच्या कारखान्यासाठी १९५० च्या दशकात वसवलेल्या या गावाला खोल पाण्याचे बंदर आहे, आणि डोंगरापलीकडच्या तेल कंपन्यांची नजर त्यावरून कधीच ढळली नाही.

१९८० च्या दशकात दोन्ही देशांचे तटरक्षक दल आणि जहाज कंपन्या यांनी मिळून ‘टँकर एक्सक्लूजन झोन’ ठरवला. अलास्काहून तेल भरून निघालेल्या जहाजाचे इंजिन बंद पडले तर वारा आणि प्रवाह त्याला किती वेगाने किनाऱ्याकडे ढकलतील, आणि तेवढ्या वेळात ओढबोट त्याच्यापर्यंत पोहोचू शकेल का, याचा हिशेब करून ही रेषा आखली होती. तेलाने भरलेल्या जहाजांनी तिच्या पश्चिमेकडूनच जावे, असा संकेत पडला आणि तो बऱ्यापैकी पाळलाही गेला. पण तो स्वेच्छेचा संकेत होता, आणि तोही केवळ अलास्काहून दक्षिणेला जाणाऱ्या भरलेल्या टँकरांपुरता. किटिमॅटमध्ये येणाऱ्या जहाजाला त्याची अडचण नव्हती. तीन दशके लोक ज्याला ‘बंदी’ म्हणत होते ती प्रत्यक्षात अशी होती: संसदेचा एक ठराव, खोदकामावरची एक स्थगिती आणि समुद्राच्या नकाशावरची एक ऐच्छिक रेषा. तिघांपैकी एकानेही तेलाचे जहाज किनाऱ्याच्या बंदरात आणणे बेकायदा ठरत नव्हते. माझ्या मते या सगळ्या इतिहासाचे मर्म येथे आहे, कारण पुढे ज्यांना पाइपलाइन हवी होती त्यांनी नेमक्या याच फटीवर बोट ठेवले.

२४ मार्च १९८९ ची पहाट उजाडण्यापूर्वी, मध्यरात्र उलटून काही मिनिटेच झाली असताना, एक्सॉन व्हाल्डीझ हे टँकर प्रिन्स विल्यम साउंडमधील ब्लाय रीफवर चढले. हिमखंड टाळण्यासाठी ते नेहमीच्या मार्गातून बाहेर पडले होते आणि वेळेत परत वळले नाही. जहाजावर असलेल्या तेलापैकी सुमारे एक पंचमांश, म्हणजे चार कोटी लिटरच्या आसपास तेल समुद्रात गेले. त्यानंतर जवळजवळ तीन दिवस समुद्र शांत होता. ज्या काळात तेल घेरून उचलता आले असते तो हाच काळ, पण साधने अपुरी होती आणि ती वाहून नेणारा बार्ज (सपाट तळाची मालवाहू नौका) दुरुस्तीत होता. मग वादळ आले आणि तवंग पसरत गेला. सुमारे २,१०० किलोमीटर किनारा तेलाने माखला. अंदाजे अडीच लाख समुद्रपक्षी, २,८०० समुद्री ऊदमांजरे, ३०० सील आणि २५० टकले गरुड मेले असे मानले जाते. किनारे साफ करण्यासाठी गरम पाण्याचे जोरदार फवारे मारले गेले. त्यामुळे खडकांवरचे उरलेले जीवही भाजून गेले, हे नंतर लक्षात आले.

दुर्घटना तेवढ्यावर संपली नाही, आणि ब्रिटिश कोलंबियातील लोक पुढची कित्येक वर्षे ती बारकाईने पाहत होते. १९९३ मध्ये साउंडमधील हेरिंगची संख्या कोसळली. त्यात तेलाचा वाटा किती यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत, पण मच्छीमारांचा हंगाम गेला तो गेलाच. सील आणि पॉर्पॉइज मारून जगणाऱ्या किलर व्हेलच्या ‘एटी-१’ या कळपात तवंगानंतर एकही नवे पिल्लू जन्मलेले नाही. हा कळप आनुवंशिकदृष्ट्या वेगळा आहे, त्यामुळे शेवटचे सदस्य गेल्यावर ती शाखाच संपेल. दगडगोट्यांखाली दबलेले तेल दशकांनंतरही खणले की सापडत होते. ज्युरीने १९९४ मध्ये कंपनीला ठोठावलेली पाच अब्ज डॉलरची दंडात्मक भरपाई अपील करत करत २००८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात सुमारे ५० कोटी डॉलरवर आली, आणि तोपर्यंत अनेक दावेदार मच्छीमार मरण पावले होते. अमेरिकेने १९९० मध्ये कायदा करून टँकरांना दुहेरी कवच सक्तीचे केले. कॅनडानेही समिती नेमली, तयारी वाढवली. बंदीचा कायदा मात्र केला नाही.

त्याच १९८९ साली मध्य किनाऱ्यावरील गूस बेटांजवळ पिल्लांसह समुद्री ऊदमांजरे दिसली. वीस वर्षांपूर्वी सोडलेल्यांचा वंश ग्रेट बेअरच्या पाण्यापर्यंत पोहोचला होता.

यानंतर काही काळ लक्ष जंगलाकडे वळले. वृक्षतोडीविरुद्धचा मोठा लढा झाला, २००६ मध्ये त्यावर तडजोड जाहीर झाली आणि २०१६ मध्ये जंगलाचा सुमारे ८५ टक्के भाग तोडीपासून राखण्याचा अंतिम करार झाला. तो इतिहास स्वतंत्र लेखाचा विषय आहे. आपल्या विषयाला जोडणारी घटना २००६ च्या मार्चमधली आहे. २२ तारीख लागल्यावर, मध्यरात्र उलटताच, ‘क्वीन ऑफ द नॉर्थ’ ही प्रवासी फेरीबोट राइट साउंडमध्ये ठरलेले वळण न घेता गिल बेटावर आदळली आणि बुडाली. जेमतेम दोनशे वस्तीच्या हार्टली बे गावातील गितगाट लोकांनी रेडिओवर हाक ऐकताच अंधारात, पावसात आपल्या मासेमारीच्या होड्या काढल्या. बोटीवरील १०१ पैकी ९९ जण वाचले. दोघांचा ठाव लागला नाही. बोट आपल्या इंधनासह अजून तळाशी आहे. नित्याच्या मार्गावरील, सर्व उपकरणे असलेली, अनुभवी खलाशांची बोट एका चुकलेल्या वळणामुळे बुडते, हे ज्या गावाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते, त्याच गावासमोरून काही वर्षांनी महाकाय टँकर नेण्याचा प्रस्ताव आला.

एनब्रिज कंपनीने मे २०१० मध्ये नॉर्दर्न गेटवे प्रकल्पाचा अर्ज दाखल केला. अल्बर्टातील ब्रुडरहाइमपासून किटिमॅटपर्यंत १,१७७ किलोमीटरच्या जोड पाइपलाइन, पश्चिमेकडे दिवसाला ५,२५,००० बॅरल पातळ केलेले बिट्युमेन आणि ते पातळ करण्यासाठी लागणारे कंडेन्सेट उलट दिशेने, असा तो आराखडा होता. वर्षाला सुमारे २२० टँकर डग्लस चॅनेलमधून ये-जा करणार होते. बिट्युमेन म्हणजे वाळूत मिसळलेले, डांबरासारखे घट्ट तेल. ते नळातून वाहावे म्हणून त्यात हलका द्रव मिसळतात. सांडल्यावर तो हलका भाग उडून जातो, आणि उरलेला जड भाग गाळ चिकटला की तळाशी बसू शकतो. हे कागदावरचे भय नव्हते. अर्ज दाखल झाला त्याच वर्षी जुलैमध्ये याच कंपनीची पाइपलाइन अमेरिकेतील मिशिगन राज्यात फुटली. पहिला इशारा मिळाल्यापासून सुमारे सतरा तास उलटेपर्यंत गळती कंपनीच्या लक्षात आली नाही, आणि कॅलमाझू नदीच्या तळातून बिट्युमेन उपसण्याचा खर्च एक अब्ज डॉलरच्या वर गेला. तरंगणारे तेल अडवण्याची साधने बुडालेल्या तेलापुढे निरुपयोगी ठरतात, हा धडा किटिमॅटच्या सुनावणीत पुन्हा पुन्हा मांडला गेला.

त्याआधीच, २३ मार्च २०१० रोजी, एक्सॉन व्हाल्डीझच्या एकविसाव्या स्मृतिदिनाच्या आदल्या दिवशी, किनाऱ्यावरील फर्स्ट नेशन्सनी एकत्र येऊन घोषणापत्र काढले होते. आपल्या पूर्वजांच्या कायद्यांना, हक्कांना आणि जबाबदाऱ्यांना अनुसरून, अल्बर्टाच्या तेलवाळूतील कच्चे तेल वाहणारी जहाजे आमच्या भूमी-जलातून जाऊ देणार नाही, असा त्याचा आशय होता. डिसेंबर २०१० मध्ये हाउस ऑफ कॉमन्सने किनाऱ्यावर टँकरबंदीचा कायदा करावा असा ठराव १४३ विरुद्ध १३८ मतांनी संमत केला. तो सरकारवर बंधनकारक नव्हता, आणि पंतप्रधान स्टीफन हार्पर यांच्या तत्कालीन सरकारने तो बाजूला ठेवला. या किनाऱ्यावर टँकरांना मनाई करणारी कोणतीही स्थगिती मुळात नाहीच, अशी त्या सरकारची भूमिका होती. कायद्याच्या काटेकोर अर्थाने ते खोटे नव्हते. १९७२ पासून जपलेला समज एका वाक्यात रद्द करता येतो, हे तेव्हा सर्वांना दिसले.

पुढची तीन-चार वर्षे सुनावण्यांत गेली. हजाराहून अधिक लोकांनी समोर येऊन निवेदने केली. एप्रिल २०१२ मध्ये प्रकल्पाची सुनावणी घेणारी समिती हाइल्ट्सुकांच्या बेला बेला गावात आली तेव्हा विमानतळावर जमलेल्या गावकऱ्यांमुळे सुरक्षिततेची शंका घेऊन सुनावणीचा पहिला दिवस रद्द करण्यात आला. त्या जमावात शाळेतली मुले आणि वंशपरंपरागत प्रमुख होते. पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेला इतिहास पुरावा म्हणून ऐकवण्यासाठी म्हाताऱ्या माणसांनी वर्षभर तयारी केली होती, हे लक्षात घेतले म्हणजे त्या एका दिवसाचा सल का राहिला ते कळते. डिसेंबर २०१३ मध्ये समितीने २०९ अटी घालून प्रकल्पाची शिफारस केली. एप्रिल २०१४ मध्ये खुद्द किटिमॅट गावात कौल घेतला गेला, आणि ज्यांना नोकऱ्या मिळणार होत्या त्या गावानेच ५८ टक्क्यांहून अधिक मतांनी नकार दिला. जूनमध्ये केंद्राने मंजुरी दिली. त्याच आठवड्यात गितगाट स्त्रियांनी महिनोन्‌महिने क्रोशाने विणलेली कित्येक किलोमीटर लांबीची रंगीत साखळी होड्यांतून नेऊन डग्लस चॅनेलवर आडवी धरली. तिच्यात पोरांचे आणि नातलगांचे फोटो, बाळांचे कपडे आणि मासेमारीच्या वस्तूही ओवल्या होत्या.

मंजुरी टिकली नाही. जून २०१६ मध्ये फेडरल कोर्ट ऑफ अपीलने गितहाला खटल्यात ती रद्द केली, कारण फर्स्ट नेशन्सशी केलेली सल्लामसलत घाईची आणि अपुरी होती. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला ‘नेथन ई. स्टुअर्ट’ ही ओढबोट बेला बेलाजवळ खडकावर गेली आणि सुमारे १,१०,००० लिटर डिझेल हाइल्ट्सुकांच्या शिंपल्यांच्या किनाऱ्यावर पसरले. पहाऱ्यावरचा अधिकारी झोपी गेल्याचे चौकशीत आढळले. तिच्यासोबतचा बार्ज रिकामा होता. तो भरलेला असता तर काय झाले असते, हा प्रश्न त्या हिवाळ्यात प्रत्येक सभेत विचारला गेला. २९ नोव्हेंबर २०१६ रोजी पंतप्रधान जस्टिन ट्रूडो यांनी नॉर्दर्न गेटवे नाकारली आणि टँकरबंदीचा कायदा आणण्याचे आश्वासन दिले. त्याच दिवशी त्यांनी दक्षिणेकडील ट्रान्स माउंटन पाइपलाइनच्या विस्ताराला मंजुरी दिली, पुढे २०१८ मध्ये सरकारने ती पाइपलाइनच विकत घेतली, आणि मे २०२४ पासून व्हँकूव्हर महानगरालगतच्या बर्नबीहून टँकरांची संख्या कित्येक पटींनी वाढली. उत्तर किनारा वाचला त्याच दिवशी दक्षिणेच्या सेलिश समुद्रावर धोका आला, हे विसरून या कायद्याचे कौतुक करता येणार नाही.

विधेयक सी-४८ मे २०१७ मध्ये वाहतूकमंत्री मार्क गार्नो यांनी मांडले. १२,५०० टनांहून अधिक कच्चे तेल किंवा दीर्घकाळ टिकून राहणारे तेल वाहणाऱ्या टँकरला या पट्ट्यातील बंदरांत थांबण्यास, तेल भरण्यास वा उतरवण्यास मनाई, आणि उल्लंघनास ५० लाख डॉलरपर्यंत दंड, हा त्याचा गाभा आहे. मर्यादा १२,५०० टनांची ठेवली, कारण रस्ते नसलेल्या किनारी गावांना डिझेल व घरे तापवण्याचे तेल समुद्रमार्गेच येते. जाता-जाता पुढे निघून जाणाऱ्या जहाजांना कायदा अडवत नाही. पेट्रोल, प्रोपेन आणि द्रवरूप नैसर्गिक वायू त्याच्या कक्षेबाहेर आहेत, त्यामुळेच जून २०२५ च्या अखेरीस किटिमॅटहून द्रवरूप वायूचे पहिले जहाज निघू शकले. आणि ‘नेथन ई. स्टुअर्ट’सारख्या अपघाताला तो लागूच पडला नसता. जहाजाच्या स्वतःच्या टाकीतील इंधन किती नुकसान करते हे मुंबईकरांना माहीत आहे: ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी एमएससी चित्रा आणि खलिजा-३ यांची धडक झाली तेव्हा जे शेकडो टन तेल रायगड आणि नवी मुंबईच्या कांदळवनांत शिरले, ते माल म्हणून आणलेले नव्हते, ते कंटेनर जहाजाचे इंधन होते.

विरोध केवळ तेल कंपन्यांचा होता असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. निस्गा राष्ट्राने, ज्याचा आधुनिक तह २००० मध्ये अमलात आला, आपल्या तहक्षेत्रातील आर्थिक निर्णय आपल्याला न विचारता घेतले गेल्याची तक्रार केली. लॅक्स क्वालाम्स या त्सिमशियन समुदायाच्या काही नेत्यांनी मूळनिवासींच्या मालकीची ‘ईगल स्पिरिट’ पाइपलाइन पुढे आणली होती आणि बंदीला न्यायालयात आव्हान दिले. त्यांचा मुद्दा साधा होता: आमच्या पाण्यावर पाइपलाइन लादू नये हे खरे असेल, तर बंदीही लादू नये. या आक्षेपाला समाधानकारक उत्तर दिले गेले असे मला वाटत नाही. कॅनडाच्या सिनेटच्या वाहतूक समितीत ६-६ अशी बरोबरी झाली आणि विधेयक पुढे न नेण्याची शिफारस गेली. पूर्ण सिनेटने ती फेटाळली, पण पाच वर्षांनी कायद्याचा आढावा घेण्याचे कलम घालूनच. अंतिम मतदान ४९ विरुद्ध ४६ झाले. २१ जून २०१९ रोजी विधेयकाला राजमान्यता मिळाली. सत्तेचाळीस वर्षांपूर्वीचा ठराव अखेर कायदा झाला, तोही तीन मतांच्या फरकाने आणि पुनर्विचाराची खिडकी उघडी ठेवून.

मधल्या वर्षांत किनाऱ्यावरच्या राष्ट्रांनी आपली बाजू इतर मार्गांनी पक्की केली. जून २०२४ मध्ये केंद्र, प्रांत आणि देणगीदार यांनी मिळून ‘ग्रेट बेअर सी’च्या संरक्षणासाठी सुमारे ३३ कोटी ५० लाख कॅनेडियन डॉलरचा निधी उभा केला, त्याचा कारभार फर्स्ट नेशन्सकडे आहे. याच वर्षी ब्रिटिश कोलंबियाने हायडा ग्वाईच्या भूमीवरील हायडांचे स्वामित्व करार करून मान्य केले. या भूमीवर आणि पाण्यावर निर्णय कोणाचा, हा प्रश्न आता प्रत्येक चर्चेच्या पुढे उभा असतो. त्यामुळे नोव्हेंबर २०२५ च्या कॅल्गरी कराराची बातमी आली तेव्हा किनाऱ्यावरून आलेली प्रतिक्रिया विनंतीच्या सुरात नव्हती. कोस्टल फर्स्ट नेशन्स या संघटनेच्या अध्यक्षा आणि हाइल्ट्सुकांच्या निर्वाचित प्रमुख मेरिलिन स्लेट यांनी हा प्रकल्प कधीही होणार नाही असे स्पष्ट केले, आणि डिसेंबरमध्ये ओटावात भरलेल्या असेंब्ली ऑफ फर्स्ट नेशन्सच्या बैठकीत देशभरातील प्रमुखांनी एकमताने करार मागे घेण्याची मागणी केली. २०१९ च्या कायद्यात फेरबदल करणे संसदेच्या हाती आहे. २३ मार्च २०१० च्या घोषणापत्राला मात्र मुदत घातलेली नाही, पाच वर्षांनी आढावा घेण्याचे कलमही त्यात नाही, आणि ज्यांनी ते काढले त्यांनी ते मागे घेतलेले नाही.